अरबी समुद्राखालची कार्ल्सबर्ग रांग

भारत आणि आफ्रिका यांच्या दरम्यान, अरबी समुद्राच्या तळाशी, कार्ल्सबर्ग ही पर्वतरांग वायव्येकडून आग्नेयेकडे गेली आहे. १९२८–३० च्या सागरी मोहिमेत ‘डाना’ या डॅनिश जहाजावरील संशोधकांनी तिची नोंद केली आणि मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानचे नाव तिला दिले. १९३३–३४ मध्ये सेमूर स्यूएल यांच्या नेतृत्वाखाली ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून पुन्हा खोली मोजली गेली, तेव्हा रांगेच्या ऐन माथ्यावर लांबच लांब दरी आढळली.

हिमालय दोन भूखंडांच्या रेट्याने वर उचलला गेला. कार्ल्सबर्गची घडण नेमकी उलट, ताणातून झाली आहे. येथे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात. मोकळ्या होणाऱ्या जागेत खालचा तप्त खडक वर येतो, दाब घटल्याने अंशतः वितळतो आणि थिजून बेसाल्टचा नवा तळ बनतो. नवा तळ गरम, म्हणून हलका व उंच असतो. माथ्यापासून दूर जाताना तो थंडावतो, आकसतो आणि खाली बसतो. रांगेला उंची मिळते ती या उष्णतेमुळे.

सागरतळ असा पसरत असावा, हा विचार हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश जहाज ‘ओवेन’ने कार्ल्सबर्गवरील चुंबकीय मोजणी केली. थिजताना बेसाल्ट पृथ्वीच्या तत्कालीन चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतो, आणि हे क्षेत्र अधूनमधून उलटते. मग रांगेच्या दोन्ही अंगांना सुलट-उलट पट्टे उमटायला हवेत. केंब्रिजच्या फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी ‘ओवेन’च्या नोंदींचा असा अर्थ लावला आणि सप्टेंबर १९६३ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ले यांनाही हेच स्वतंत्रपणे सुचले होते, पण त्यांचा लेख दोन नियतकालिकांनी नाकारला. या शोधाच्या श्रेयात त्यांचे नाव बरोबरीने घ्यायला हवे.

दख्खनचे लाव्हाथर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी साचले. त्यानंतर काही दशलक्ष वर्षांतच सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटला आणि त्या फटीत ही रांग आकाराला आली. आज येथील भूपट्ट वर्षाला साधारण दोन ते तीन सेंटीमीटरने दूर जात आहेत, आणि माथ्यावरच्या दरीत अजूनही नवा बेसाल्ट थिजतो आहे.