कुत्र्याची पहाटेची ओकारी

पहाटे कोंबडा आरवण्याच्या सुमारास ओसरीवरून एक आवाज येतो. ज्यांच्या दारी कुत्रे आहे त्यांना तो वेगळा सांगायला नको. कुत्रे मान खाली घालते, पोट भात्यासारखे आत-बाहेर होते, दोन-चार उबळी येतात आणि पिवळसर फेसाळ पाणी जमिनीवर पडते. मग काही झालेच नाही अशा थाटात ते शेपूट हलवीत भाकरीची वाट पाहत बसते. घरातली मंडळी मात्र अस्वस्थ होतात. कुत्रे वर्ष-दीड वर्षाचे, तरणेताठे असले म्हणजे तर अधिकच.

मागच्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या शिबिरात इतिहास-अध्यापनावर बोलायला गेलो होतो. बोलणे आटोपल्यावर एका वयस्कर गुरुजींनी मला बाजूला घेतले आणि हीच तक्रार सांगितली. आठवड्यातून एक-दोनदा, नेहमी पहाटेच. दिवसभर कुत्रे ठणठणीत. "सर, तुम्ही इतिहासवाले. पण घरी कुत्रे पाळता असे ऐकले, म्हणून विचारतो." मी म्हणालो, "गुरुजी, तुमच्या ह्या प्रश्नालाही इतिहास आहे. तो थेट ॲरिस्टॉटलपर्यंत जातो." ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली, पण ती थट्टा नव्हती.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयी जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात त्याने नोंदवून ठेवले आहे की कुत्र्याला बरे वाटेनासे झाले म्हणजे ते गवत खाते, ओकते आणि मोकळे होते. पुढे रोममध्ये सिसेरोने हेच उदाहरण निसर्गाच्या शहाणपणाचा दाखला म्हणून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला प्लिनी तर म्हणतो, अन्नावरची वासना उडाली म्हणजे खायची एक वनस्पती कुत्र्यांनी शोधून काढली आहे. ती ते आपल्या डोळ्यांदेखत खातात, पण ती कोणती हे कधी कळत नाही, कारण आपण पाहायला जावे तर ती कुरतडून झालेली असते! आपल्याकडची हरळी प्लिनीला कोणी दाखवायला हवी होती.

आता ह्या थोर मंडळींना कुत्र्याची ओकारी एवढी का आवडली? त्याचे कारण कुत्र्याच्या पोटात नाही, माणसाच्या वैद्यकात आहे. शरीरात दूषित रस साठतात आणि ते वांतीने वा रेचाने बाहेर काढावे, ही त्या काळच्या ग्रीक वैद्यकाची धारणा. आपल्याकडेही पंचकर्मांत पहिले कर्म वमनाचेच. जी गोष्ट वैद्य रोग्याकडून मुद्दाम करवून घेत, ती एक मुके जनावर कोणी न शिकवता करते, हे पाहून विद्वानांना आपल्या शास्त्राला साक्षीदार मिळाल्यासारखे झाले. ही समजूत आमच्या पिढीपर्यंत टिकून होती. गवत खाल्ले म्हणजे पोट बिघडले आहे आणि ओकले म्हणजे औषध लागू पडले, असेच आम्ही लहानपणी ऐकले. पुढे २००८ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी पंधराशेहून अधिक कुत्रे पाळणाऱ्यांकडून माहिती गोळा केली, तेव्हा वेगळेच निघाले. गवत खाण्याआधी आजारी दिसणारी कुत्री शंभरांत दहासुद्धा नव्हती, आणि खाल्ल्यावर नेहमी ओकणारी बावीसच्या आसपास. बहुतेक कुत्री गवत खातात ती खायची सवय म्हणून. तरुण कुत्री तर अधिकच खातात, आणि त्यांच्यात आजाराचे चिन्ह त्यातल्या त्यात कमी.

आपल्या देशात जनावरांचे वैद्यक जुने आहे. हत्तींसाठी पालकाप्याचा ग्रंथ, घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा. ज्यांच्यावर राज्य चालते त्यांची काळजी आधी, हा जगाचा रिवाजच आहे. कुत्र्याला मात्र दारातली जागा. नाही म्हणायला कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या विनोदांमध्ये सारमेयविनोद म्हणून कुत्र्यांचा एक भाग आहे. पण तो शिकारीच्या अंगाने. आणि संस्कृतातला 'वान्ताशी' हा शब्द, म्हणजे ओकलेले खाणारा, तर शिवीसारखाच वापरला गेला. खरे पाहता ह्यात कुत्र्याचा दोष नाही. लांडग्याची मादी दुरून शिकार पोटात घालून आणते आणि पिल्लांपुढे ओकून त्यांना भरवते. कुत्रे त्याच कुळातले. ओकणे त्याला जेवढे सोपे, तेवढे गाईला वा घोड्याला नाही. घोड्याला तर ओकताच येत नाही. तेव्हा माणसाने चारदा ओकणे आणि कुत्र्याने एकदा ओकणे ह्यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

युरोपात पशुवैद्यकाची पहिली शाळा फ्रान्समध्ये लियाँ येथे क्लोद बूर्जला ह्याने काढली. १७६१ साली परवानगी मिळाली, १७६२ मध्ये वर्ग भरले. तिथेही भर घोड्यांवर आणि गुरांच्या साथींवर. इंग्लंडात डेलाबेर ब्लेन ह्याचा कुत्र्यांच्या रोगांवरचा ग्रंथ १८१७ मध्ये निघाला, तेव्हा कुठे कुत्र्याकडे रोगी म्हणून पाहायला सुरुवात झाली. आणि उपचार काय, तर त्या काळच्या इंग्रजी ग्रंथांत डिस्टेंपरसारख्या जीवघेण्या साथीतही पहिली मात्रा बहुधा ओकारीच्याच औषधाची! ओकणाऱ्याला आणखी ओकवायचे. ॲरिस्टॉटलचा साक्षीदार दोन हजार वर्षांनी असा गोत्यात आला. आपल्या मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्यावरून मोठा दंगा झाला, आणि त्यानंतर १८३४ मध्ये पांजरपोळ उभे राहिले. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे. पण खेड्यातल्या ओसरीपर्यंत ह्यातले काही पोचायला फार काळ लागला.

आमच्या ओसरीचेच सांगतो. मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्याकडे मोत्या नावाचा कुत्रा होता. तो पहाटे ओकायचा. आजी म्हणे जंत झाले, म्हणून वावडिंग. शेजारचे तात्या म्हणत पित्त खवळले, म्हणून दोन चमचे एरंडेल, तेही चौघांनी धरून, जबडा फाकवून. कोणी सांगितले उपाशी ठेवा, पोटाला विश्रांती मिळेल; मग दिवसभर उपास. उपासाच्या दुसऱ्या दिवशी मोत्या हटकून अधिक ओकायचा. हे आमच्या डोळ्यांसमोर घडत होते, आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही. मोत्या ह्या सगळ्या औषधांना पुरून उरला आणि म्हातारा होऊन मेला.

उपासाने ओकारी का वाढावी? ह्याचे उत्तर ज्या प्रयोगशाळेत सापडले, ती कुत्र्यांचीच होती. रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे इव्हान पावलॉव्ह पचनक्रियेचा अभ्यास करीत होता. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, एवढ्यावरून आपण त्याला ओळखतो. पण १९०४ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते पचनाच्या कामाबद्दल. कुत्र्याच्या पोटाला शस्त्रक्रियेने छिद्र पाडून तो आतला रस थेंब थेंब मोजत असे. हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि यावाही. १९३५ साली त्याच्या संस्थेच्या आवारात कुत्र्याचे स्मारक उभारले गेले. माणसाने कधी तरी ऋण मान्य केले, एवढेच.

ह्या पावलॉव्हचा एक शिष्य वासिली बोल्डिरेव्ह. बाकीचे सगळे जेवलेल्या कुत्र्याचे पोट पाहत होते. ह्याने उपाशी कुत्र्याचे पाहिले. त्याला वाटले असेल की अन्न नाही तर पोट स्वस्थ असेल. तसे ते नव्हते. दर दीड-दोन तासांनी रिकामे पोट आपणहून जोरजोराने आकुंचन पावे, वीस-तीस मिनिटे हे चाले, आणि पुन्हा शांतता. १९०४ च्या सुमारास त्याने हे मांडले. आणखी एक गोष्ट त्याने दाखवली : लहान आतड्याच्या सुरुवातीचा पित्तमिश्रित रस उलटा पोटात येऊ शकतो. पुढे १९६९ साली अमेरिकेत जोसेफ शुर्झेव्हस्की ह्या शास्त्रज्ञाने कुत्र्याच्याच आतड्यावर विजेच्या तारा लावून ही उपाशीपोटीची लाट वरून खालपर्यंत कशी सरकते ते नोंदवले. ह्या लाटेला तिथले शास्त्रज्ञ घर झाडणारी बाई म्हणू लागले. उपमा चांगली आहे. पाहुणे गेले, पंगत उठली, की खरकटे झाडून पुढे ढकलायचे. जेवण पोटात पडले की झाडू थांबतो.

आता आपली पहाटेची ओसरी पुन्हा डोळ्यांपुढे आणा. खेड्यात कुत्र्याला दिवेलागणीला भाकरी टाकतात. पुढची भाकरी माणसांची न्याहारी उरकल्यावर, म्हणजे कधी दुसऱ्या दिवशी दहा वाजता. मधले चौदा-पंधरा तास पोट रिकामे. त्यात पित्त उलटे येऊन साठते, पोटाच्या अस्तराला झोंबते, आणि पहाटे ते बाहेर पडते. सगळा रंग आणि सगळी वेळ ह्यावरून जुळते. शास्त्रज्ञ मंडळी अजून म्हणतात की सगळ्याच कुत्र्यांत नेमके हेच घडते असे पुरते सिद्ध झालेले नाही, आणि ते त्यांचे म्हणणे आपण ध्यानात ठेवावे. पण उपाय इतका साधा आहे की करून पाहायला काहीच जात नाही. दिवसाचे अन्न तेवढेच ठेवायचे, पण त्यातला घासभर वाटा काढून माणसे झोपायला जातात त्या वेळी द्यायचा, आणि एक सकाळी उठल्याउठल्या. पिल्लू असेल तर दिवसातून तीन-चारदा थोडे थोडे. लग्नाच्या पंगतीतले तेलकट-तिखट उष्टे नको. कुत्र्याला तूप पचत नाही, हे आपण एकमेकांना टोमणा म्हणून ऐकवतो, पण कुत्र्यापुरते ते बरेचसे खरे आहे. जंतांचे औषध द्यावे, पण गुरांच्या दवाखान्यात वजन सांगून, अंदाजपंचे नव्हे. आपल्या घरातली तापाची, अंगदुखीची गोळी तर कधीच नाही. माणसाला सोसते ते कुत्र्याच्या जिवावर उठते.

इथे थांबलो असतो तर बरे झाले असते. पण मोत्यानंतरचे पिल्लू सांगायचे राहिले आहे.

ते आणले १९९१ मध्ये, तीन महिन्यांचे. एके दिवशी पहाटे ते ओकले. पिवळा फेस, अगदी मोत्यासारखाच. घरात सगळे म्हणाले, "सकाळी ओकतातच ही. मोत्या नव्हता का?" दुपारी ते पुन्हा ओकले. संध्याकाळी पाणीही पोटात राहीना आणि संडासातून रक्त पडू लागले, त्याचा वास घरभर. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्या रोगाचे नाव मला पुष्कळ वर्षांनी कळले. मोत्या जन्मला त्याच्या थोडेच आधी, १९७८ साली, जगात कुत्र्यांचा एक नवाच रोग प्रकट झाला होता, पार्व्हो नावाच्या विषाणूचा. दोन-तीन वर्षांत तो खंडाखंडांत पसरला. आजीच्या लहानपणी तो नव्हताच, तर आजीला ठाऊक कोठून असणार? तिची चूक म्हणवत नाही. त्याची लस मात्र तोवर निघालेली होती, आणि तालुक्याचे गाव आमच्यापासून अकरा मैलांवर होते.

म्हणून त्या गुरुजींना मी उपाय सांगण्याआधी चार गोष्टी विचारल्या. दिवसा ओकतो का? फेसात रक्त दिसते का? खाण्यापिण्यावरून मन उडाले आहे का, कोपऱ्यात पडून राहतो का? नुसत्याच उबळी येऊन काही पडत नाही आणि पोट फुगते, असे कधी झाले का? ह्यांतल्या एकालाही 'हो' असते तर मी त्यांना इतिहास सांगत बसलो नसतो, पहिल्या गाडीने दवाखान्यात जा म्हटले असते. आणि कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळते, घशात हाड अडकल्यासारखे करते, आवाज बदलला आहे, असे दिसले तर तोंडात हात घालून पाहू नका, हे मी त्यांना दोनदा बजावले; पिसाळलेले कुत्रेही असेच दिसू शकते.

गुरुजींची चारही उत्तरे 'नाही' अशी आली. लसी टोचल्या होत्या का, ह्यावर मात्र ते जरा घुटमळले. पहिली टोचली होती, पुढची राहून गेली होती. कुत्र्याला रात्री निजताना भाकरीचा कोर टाकू लागल्याचे त्यांचे पत्र पंधरा दिवसांनी आले. ओकारी त्या पंधरवड्यात एकदाच झाली होती. आणि खाली, वेगळ्या शाईत, लस टोचून आणल्याची तारीख लिहिली होती.