कोटातली आग आणि आपला जिना

१७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या कोटातल्या बाजाराला आग लागली. खेटून उभी घरं, अरुंद गल्ल्या, त्यात वारा. वस्तीचा मोठा भाग जळाला. मग कोटाबाहेर नवी वस्ती वाढली. तीच दाटी पुढे तिथेही आली, हे वेगळं!

महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याने जबाबदारी मालकाबरोबर भोगवटादारावर, म्हणजे राहणाऱ्यावरही टाकली. कायदा लागू असलेल्या इमारतींनी दर जानेवारी-जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. आपल्या पागडीच्या घरांत मालक म्हणतो, एवढ्याशा भाड्यात काय करू? भाडेकरू म्हणतो, इमारत त्याची. जिन्यात मात्र सायकली, पिंपं, दुकानांचे खोके. ते कुणाचे, हे मजल्यावर सगळ्यांना ठाऊक असतं.