पुण्याचा स्पेक्ट्रम आणि दुसऱ्यांची डिस्क

घरगुती संगणकाचा इतिहास सांगताना मूळ यंत्र घडवणाऱ्यांचाच गौरव होतो. त्या यंत्रास जोडभाग पुरवणाऱ्या इतर लहान कंपन्या विस्मृतीत जातात. आमच्या मते, मजकूर टिकवण्याच्या कामी या दुसऱ्यांचाच वाटा मोठा आहे.

सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आला. त्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची परवानाप्राप्त आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने काढली. त्यामुळे मराठी वाचकांस हे यंत्र अगदीच परके नाही. ते घरच्या टीव्हीस जोडले जाई आणि मजकूर साध्या कॅसेटवर साठवी. ४८ किलोबाइटचा कार्यक्रम कॅसेटवरून यंत्रात उतरण्यास सुमारे पाच मिनिटे लागत.

फ्लॉपी ड्राइव्ह महाग होता, म्हणून सिंक्लेअरने १९८३ मध्ये ‘मायक्रोड्राइव्ह’ आणला. लहानशा डबीत अखंड फितीचे वेटोळे आणि त्यावर सुमारे ८५ किलोबाइट मजकूर, अशी ती रचना होती. वापराने फीत ताणली जाई आणि साठवलेले हाती लागेनासे होई.

यावरचा उपाय बाहेरच्यांनी शोधला. स्पेक्ट्रमच्या पाठीमागील जोडणीपट्टीवर झेड-८० प्रोसेसरचे संकेत उपलब्ध होते. इकडे अमेरिकेतील शुगार्ट कंपनीने १९७६ मध्ये आणलेल्या सव्वापाच इंची ड्राइव्हची जोडणी अनेक कारखान्यांनी स्वीकारली होती. या दोहोंमध्ये दुवा तेवढा हवा होता. टेक्नॉलॉजी रिसर्चचा ‘बीटा डिस्क’, ओपसचा ‘डिस्कव्हरी’, माइल्स गॉर्डन टेक्नॉलॉजीचा ‘प्लस डी’ हे असेच दुवे होत. बीटा डिस्कमुळे एका फ्लॉपीवर ६४० किलोबाइटपर्यंत मजकूर मावे, म्हणजे साडेसात मायक्रोड्राइव्ह डब्यांइतका.

एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय ॲमस्ट्रॅडने विकत घेतला. मायक्रोड्राइव्ह मागे पडला. बीटा डिस्कची कार्यप्रणाली मात्र सोव्हिएत प्रदेशात तयार झालेल्या स्पेक्ट्रमच्या प्रतिकृतींत १९९० च्या दशकातही नांदत राहिली. मूळ कंपनीची सोय कंपनीबरोबर संपली; ज्याची जोडणी अनेकांना खुली होती, ते टिकले.

आदिलाबादेतील आपल्या जुन्या घराण्यांस हा धडा नवा वाटू नये. आपल्या पेट्यांत मोडीतील व निजामी अमदानीतील उर्दू कागद आहेत. कागद शाबूत आहे, वाचणारा दुर्मिळ झाला आहे. फ्लॉपीचेही तसेच आहे. ज्यांनी वंशावळी वा जमिनीचे तपशील साडेतीन इंची फ्लॉपीवर उतरवले असतील, त्यांना यूएसबीस जोडता येणारा ड्राइव्ह अजून साह्य करू शकेल. सव्वापाच इंचीसाठी जुनाच ड्राइव्ह शोधावा लागेल. मजकूर उतरवून त्याच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि एक कागदावर छापून घ्यावी. हे काम पुढच्या पिढीवर सोपवू नये.