शेळ्या नसलेला शब्द

इ.स.पू. ४१. उत्तर इटलीत मान्तुआजवळ मिंचियस नदीच्या काठी तुम्ही उभे आहात. काठाने बोरू माजलाय. धुळीच्या वाटेवरून एक जण शेळ्या हाकत येतोय. एक शेळी चालेना, तिला दाव्याने ओढतोय. ती नुकतीच व्यालीय. जुळी करडं मागे उघड्या खडकावर टाकून यावं लागलंय. आदल्या वर्षी रोमच्या यादवीत फिलिप्पीची लढाई झाली. जिंकलेल्या सैनिकांना जमिनी द्यायच्या म्हणून इथल्या शेतकऱ्यांच्या काढून घेतल्यात. कुठं निघालास, हे त्याला विचारू नका.

याच मुलखातला कवी व्हर्जिल त्याला मेलिबियस म्हणेल आणि पहिल्याच कवितेत शेळीसकट आणेल.

थोडी वर्षं पुढे, रोममध्ये या. व्हर्जिलच्या दहा कवितांची गुंडाळी उलगडा. संग्रहाचं नाव 'बुकोलिका'. ग्रीक 'बुकोलोस' म्हणजे गुराखी. सिराक्यूजच्या थिओक्रिटसनं ही गुराख्यांची गाणी दोन शतकं आधीच ग्रीकमध्ये रचली होती. पुढे यातल्या एकेका कवितेला व्याकरणकार 'एक्लोगा' म्हणू लागतात. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ वेचणं, निवडणं. एक्लोगा म्हणजे वेचलेला तुकडा, एवढंच. अशा कवितेला आपण 'जानपद गीत' म्हणतो, त्यात जनपद उघड दिसतं. 'एक्लोगा'त ना कुरण, ना गुरं.

आता लंडन, १५७९. लडगेटजवळच्या क्रीड लेनमध्ये ह्यू सिंगल्टनच्या छापखान्यात शिरा. इंग्रज कवी स्पेन्सरचं 'शेफर्ड्स कॅलेंडर' छापलं जातंय, बारा महिन्यांच्या बारा कविता. 'एक्लोगा' शब्दाचं स्पेलिंग मात्र बदललंय: 'एग्लोग'. 'ई. के.' एवढीच सही करणारा टीपकार ठासून सांगतो, की 'ऐक्स' म्हणजे शेळी आणि 'लोगोस' म्हणजे बोल. तेव्हा या शेळ्या राखणाऱ्यांच्या गोष्टी. ही चूक त्याच्या आधीची, मध्ययुगापासून चालत आलेली. त्याचा हात धरावासा वाटेल तुम्हाला. मलाही वाटतो, आणि तरी ही चूक मला फार प्रिय आहे. ज्यांनी ती केली त्यांना त्या शब्दात शेळ्या हव्या होत्या, आणि व्हर्जिलच्या कवितेत त्या खरोखरच होत्या.

व्युत्पत्ती म्हणून ती खोटीच. कोशात 'वेचलेलं' हाच अर्थ लिहा. पण परतल्यावर व्हर्जिलची पहिली कविता मिळवून वाचा, आणि खडकावरच्या त्या दोन करडांपाशी जरा थांबा.