मराठा नावाची रेल्वे आणि मीटरचा हिशोब



इंग्रजी अमदानीतली रेल्वे म्हटली की आपण १८५३ च्या बोरीबंदर–ठाणे गाडीपासून सुरुवात करतो. साहिब, सिंध, सुलतान ही इंजिने, तोफांची सलामी, सगळे आपल्याला पाठ आहे. आज ते बाजूला ठेवू. मी निवृत्तीनंतर बेंगळुरूत राहतो आणि इथे जुने कागद वाचताना ज्या कंपनीचे नाव पुन्हा पुन्हा समोर येते, ती म्हणजे सदर्न मराठा रेल्वे.

नाव ऐकून कुणाची छाती फुगू नये. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि पटवर्धनांची संस्थाने या मुलखाला इंग्रज दप्तरात ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणत, तेवढाच संबंध. १८८२ मध्ये स्थापन झालेली कंपनी लंडनची, भांडवल तिकडचे, आणि व्याजाची हमी सरकारची. म्हणजे तोटा झाला तर तो आपल्या रयतेच्या माथी.

ही रेल्वे का झाली, ते मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ. तेव्हा मुंबईहून सोलापूरमार्गे रायचूरला जाणारी लाइन होती, बेंगळुरू छावणीलाही १८६४ पासून मद्रासकडून गाडी येत होती. धान्य स्टेशनापर्यंत पोचायचे. पुढे काय? पुढे बैलगाडी. आणि चाऱ्यावाचून बैलच मेलेले. धान्याच्या राशी स्टेशनात आणि पाच-सहा मुक्कामांवर माणसे उपाशी. आम्ही फौजी याला शेवटच्या टप्प्याचा पुरवठा म्हणतो. लढाया बहुतेक तिथेच हरल्या जातात. एकट्या म्हैसूर राज्यात सुमारे दहा लाख माणसे गेली असा अंदाज आहे.

त्यात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, याची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. बेंगळुरू–म्हैसूर लाइनचे काम याच दुष्काळात सुरू झाले. गाडीतून जाताना मद्दूरच्या आसपासचा भराव दिसला की तो कोणी कोणत्या मजुरीवर घातला असेल, हे माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

१८८० च्या दुष्काळ आयोगाने अशा मुलखात लाइनी टाका असे सांगितले, आणि होटगी–विजापूर–गदग ही लाइन झाली. १८८६ मध्ये म्हैसूर संस्थानची रेल्वेही याच कंपनीकडे चालवायला आली, १८८९ मध्ये हरिहरपर्यंतचा दुवा जोडला गेला आणि १८९० पर्यंत पुणे–मिरज–बेळगाव–बेंगळुरू अशी सलग वाट तयार झाली. पण सगळी मीटरगेज.

आता हा मीटर कुठून आला? १८७० च्या आसपास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांना स्वस्त रेल्वे हवी होती. साडेपाच फुटी ब्रॉडगेज महाग, म्हणून हलके रूळ, अरुंद भराव, लहान पूल. वायव्य सरहद्दीकडच्या लाइनीही मीटरगेजच होणार होत्या, पण लष्कराने जोरदार हरकत घेतली आणि तिथे ब्रॉडगेज झाले. तोफांसाठी रुंद रूळ, दुष्काळासाठी अरुंद. माझ्याच पेशातल्या लोकांचा तो आग्रह होता आणि लष्करी दृष्टीने तो बरोबरही होता, पण दक्षिणेची बाजू मांडायला त्या खोलीत कुणी नव्हते.

दोन गेज भेटतात तिथे काय होते, ते मी स्वतः केले आहे. ऐंशीच्या दशकात आमची तुकडी बेळगावहून उत्तरेला निघाली. मिरजेला मीटरगेज संपायचे. १९७१ पर्यंत ही अडचण पुण्याला होती, पुण्यापासून ब्रॉडगेज आल्यावर ती मिरजेला सरकली, एवढाच फरक. पेट्या, तंबू, दारूगोळा, लंगरची भांडी, सगळे एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचे. रात्रभर काम चालले. शेजारच्या रुळावर वायपी इंजिन पाणी घेत उभे होते. हवालदार म्हणाले, “साहेब, हे दीडशे जणांचं सामान. ब्रिगेड असती तर?”

याचे उत्तर इतिहासात आहे. १९१५ मध्ये जनरल टाउनशेंड यांची सहावी पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात बगदादच्या दिशेने गेली. तीत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. मागे बसऱ्याच्या बंदरात माल साचलेला, पुढे न्यायला रेल्वे नाही, आणि टायग्रिसवर आगबोटी अपुऱ्या. डिव्हिजन कूट येथे वेढली गेली आणि उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ ला तिने शरणागती पत्करली. त्यानंतर बसऱ्याहून रेल्वे टाकण्याचे काम जोराने सुरू झाले. रूळ आणि इंजिने हिंदुस्थानातून गेली, त्यांत मीटरगेजची पुष्कळ. हलके रूळ आणि लहान इंजिन जहाजात चढवायला सोपे. मेयोंच्या काटकसरीचा फायदा झाला तो असा, दुसऱ्याच देशात. कूटला कैद झालेल्या सातारा-रत्नागिरीच्या जवानांना मात्र त्याचा उपयोग नव्हता.

कंपनी १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी जोडली गेली, १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत विरली. मिरज–बेंगळुरू मार्ग ब्रॉडगेज व्हायला नव्वदचे दशक उजाडले. वाफेची इंजिने ज्यांना जवळून पाहायची असतील त्यांनी म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयात जावे. लहान मुलांना घेऊन जा, आणि दोन रुळांमधले अंतर त्यांना स्वतः पावलांनी मोजू द्या.

पुढच्या भागात बोरघाट घेऊ. तिथला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्या आल्या वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिसने, काम पुढे चालू ठेवले. ती हकीकत मोठी आहे.