रोमच्या वेशीवरचे गॉथ

पाश्चात्य रोमन साम्राज्याचा अस्त कसा झाला, असे कोणी विचारले की शाळेत शिकलेले एक वाक्य आपल्या ओठांवर येते : उत्तरेकडून रानटी जर्मन टोळ्या आल्या आणि त्यांनी रोम धुळीला मिळवले. हे वाक्य सर्वस्वी खोटे नाही. परंतु ज्यांना आपण सरसकट ‘रानटी’ म्हणतो ते लोक कोण होते, ते साम्राज्याच्या सीमेत कसे आले आणि जेथे आश्रय मागितला तेथेच त्यांनी शस्त्र का उगारले, याचा शोध घेतला की चित्र बरेच पालटते. ख्रिस्तसभेच्या इतिहासाचे धागेही या घडामोडींत गुंतलेले आहेत.

ऱ्हाइन आणि डॅन्यूब या दोन नद्या म्हणजे साम्राज्याची उत्तरेकडील वेस. पलीकडे गॉथ, व्हँडल, फ्रँक इत्यादी जर्मानिक लोकसमूह राहत. रोमचे त्यांच्याशी असलेले नाते केवळ वैराचे नव्हते. नदीच्या दोन्ही तीरांवर व्यापार चाले आणि जर्मानिक तरुण रोमन सैन्यात चाकरी करून मोठ्या हुद्द्यांवर चढत. चौथ्या शतकात उल्फिलास या बिशपाने गॉथ भाषेसाठी लिपी सिद्ध केली आणि बायबलचे त्या भाषेत भाषांतर केले. त्याचे पूर्वज गॉथांनी कॅपाडोशियातून पकडून नेलेले ख्रिस्ती बंदिवान होते. गॉथांनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो एरियन पंथाच्या रूपाने. हा पंथ ख्रिस्ताचे पित्याशी समानत्व मानीत नसे. त्यामुळे कॅथलिक रोमन प्रजा आणि गॉथ यांच्यात श्रद्धेचीही एक दरी राहिली.

पूर्वेकडून हूणांची धाड आली तेव्हा, इ. स. 376 मध्ये, हजारो गॉथ बायकामुलांसह डॅन्यूबच्या तीरावर येऊन ठेपले. ते चढाई करून आलेले नव्हते. जीव वाचवून आलेले होते. आम्हांला आत घ्या, आम्ही तुमच्या सैन्यात लढू, अशी विनंती त्यांनी सम्राट व्हॅलेन्स याला केली. नवे सैनिक मिळणार या आशेने सम्राटाने ती मान्य केली.

पुढे जे घडले त्याची हकीगत अम्मिआनस मार्सेलिनस या तत्कालीन इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. तो स्वतः रोमन सेनाधिकारी होता आणि ख्रिस्ती नव्हता. गॉथांची कड घेण्याचे त्याला काहीच कारण नव्हते. तो सांगतो की लुपिसिनस आणि मॅक्सिमस या दोन अधिकाऱ्यांनी या भुकेल्या लोकांचा बाजार मांडला. कुत्री गोळा करून ती अन्न म्हणून गॉथांना दिली आणि एकेका कुत्र्याच्या बदल्यात एकेक माणूस गुलाम म्हणून घेतला. नायकांची मुलेही त्यातून सुटली नाहीत. त्यावर कळस म्हणजे, लुपिसिनसने गॉथांच्या नायकांना मेजवानीस बोलावून दगा करण्याचा प्रयत्न केला. तेव्हा गॉथांनी बंड पुकारले. 9 ऑगस्ट 378 रोजी एड्रियानोपल येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील एदिर्ने येथे, लढाई झाली. पूर्वेकडील सैन्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कापला गेला. सम्राट व्हॅलेन्सही पडला; त्याचा मृतदेहदेखील सापडला नाही.

नवा सम्राट थिओडोसियस याने 382 मध्ये गॉथांशी तह केला, त्यांना जमिनी दिल्या आणि आपल्या सैन्यात घेतले. 394 मध्ये प्रतिस्पर्धी सम्राटाविरुद्धच्या लढाईत त्याने त्यांना आघाडीवर ठेवले आणि त्यांची अपरिमित हानी झाली. रोमच्या आपसांतील यादवीत रक्त सांडावे गॉथांनी, ही भावना त्यांच्या मनात घर करून राहिली. तरुण अलारिक त्या लढाईत होता. पुढे गॉथांचा राजा झाल्यावर त्याने वर्षानुवर्षे ज्या मागण्या केल्या त्या विचार करण्याजोग्या आहेत : सैन्यात मानाचे पद, आपल्या लोकांना जमीन आणि धान्य. त्याला रोमचा विध्वंस नको होता. रोममध्ये जागा हवी होती.

पश्चिमेचा कारभार तेव्हा स्टिलिको हा सेनापती पाहत होता. त्याचा पिता व्हँडल, माता रोमन; सम्राट होनोरियसचा तो सासरा. 408 मध्ये दरबारी कारस्थानाला बळी पडून सम्राटाने त्याला ठार मारविले. पाठोपाठ इटलीतील शहरांत रोमन सैनिकांनी आपल्याच जर्मानिक सहकाऱ्यांच्या बायकामुलांची कत्तल केली. परिणाम उघड होता. ते हजारो योद्धे थेट अलारिकला जाऊन मिळाले. रोमच्या शत्रूचे सैन्य रोमनेच उभे केले!

त्याच वर्षी अलारिकने रोमला वेढा घातला. तो उठविण्यासाठी नगरीने जी खंडणी दिली तीत 5,000 पौंड सोने आणि 30,000 पौंड चांदीबरोबर 3,000 पौंड मिरीही होती. ही मिरी आपल्याच देशातील मलबार किनाऱ्यावरून समुद्रमार्गे जात असे. वाटाघाटी मात्र दरबाराच्या ताठरपणामुळे पुन्हापुन्हा मोडल्या. अखेर 24 ऑगस्ट 410 रोजी गॉथ रोममध्ये शिरले आणि तीन दिवस त्यांनी नगरी लुटली. खून, जाळपोळ, अत्याचार हे सारे झाले. तथापि संत पीटर आणि संत पॉल यांच्या महामंदिरांत आश्रय घेणाऱ्यांना अभय मिळाले. संत ऑगस्टीन यांनी याची आवर्जून नोंद केली आहे. जुने देव सोडल्यामुळे रोम पडले, या आरोपाला उत्तर म्हणून त्यांनी 413 पासून ‘ईश्वराची नगरी’ हा 22 भागांचा ग्रंथ लिहिण्यास आरंभ केला.

एका लुटीने साम्राज्य मरत नाही. त्याचा श्वास कोंडला तो महसूल आटल्यामुळे. 406 च्या अखेरीस व्हँडल, सुएबी व अलान ऱ्हाइन ओलांडून आले. रोमन सेनानी मात्र सिंहासनासाठी आपसांत लढत राहिले. व्हँडल स्पेनमार्गे आफ्रिकेत उतरले. 430 मध्ये त्यांनी हिप्पो नगराला वेढा घातलेला असतानाच संत ऑगस्टीन यांचे निधन झाले. 439 मध्ये कार्थेज पडले. आफ्रिका हे पश्चिमेचे धान्याचे कोठार आणि तिजोरी. ती गेल्यावर सैन्याला पगार द्यायचा कोठून? व्हँडलांनी तेथील कॅथलिकांचा छळही केला. तेव्हा या लोकांना निष्पाप ठरविण्याचा आमचा हेतू नाही. दुसरीकडे, 451 मध्ये हूणांचा राजा अटिला गॉलवर चालून आला तेव्हा रोमच्या बाजूने लढताना व्हिसिगॉथांचा राजा धारातीर्थी पडला, हेही विसरता येत नाही.

476 मध्ये शेवट आला तो अगदी शांतपणे. इटलीतील जर्मानिक सैनिकांनी जमिनीचा वाटा मागितला. तो नाकारला गेला. तेव्हा त्यांचा नायक ओडोएसर याने बालसम्राट रोम्युलस ऑगस्ट्युलस याला पदच्युत केले, वर्षासन देऊन निवृत्त केले आणि राजचिन्हे कॉन्स्टँटिनोपलला धाडून दिली. पूर्वेचे साम्राज्य 1453 पर्यंत टिकले.

जर्मानिक लोकांनी पश्चिमेच्या साम्राज्याचे तुकडे आपसांत वाटून घेतले, हे सत्य आहे. परंतु डॅन्यूबकाठी हात जोडून उभ्या असलेल्या त्या बापांना पोटचे पोर देऊन कुत्र्याचे मांस घ्यावे लागले नसते, 408 मध्ये सैनिकांच्या बायकामुलांची कत्तल झाली नसती, तर यांतील पुष्कळजण रोमच्या तटावर पहारेकरी म्हणून उभे राहिले असते, असे आम्हांला वाटते. घरदार गमावून माणसे आजही वेशीवर येतात. त्यांची वाटणी करणारे लुपिसिनस होऊ नयेत, एवढी काळजी तरी आपण घेतली पाहिजे.