जादा हवेला लगाम

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरले आणि दट्ट्या चारदोन वेळा जोरात हलवला, की पंप गरम होतो. वर्गात सहज दाखवता येणाऱ्या या गोष्टीने मोटारींच्या अभियंत्यांना साठेक वर्षे सतावले.

इंजिनात जितकी जास्त हवा कोंबावी तितके जास्त पेट्रोल जाळता येते. ही हवा कोंबणारा पंप म्हणजे सुपरचार्जर. पण दाबलेली हवा तापते. ३० अंश सेल्सिअसची हवा दीडपट दाबावर नेली, तर अगदी आदर्श पंपातूनही ती सुमारे ६७ अंशांवर बाहेर पडते. सिलिंडरमध्ये ती पुन्हा दाबली जाते. मग ठिणगीपासून निघालेली ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेटते. इंजिन ठोके देऊ लागते (यालाच नॉकिंग म्हणतात), आणि हे चालू राहिले तर दट्ट्याला भोकही पडू शकते. तेव्हा खरा प्रश्न असा, की कुठे थांबायचे हे ठरवायचे कोणी?

मर्सिडीजने १९२१ साली ते चालकाच्या पायावर सोपवले. पेडल तळापर्यंत दाबले की क्लच पंपाला इंजिनाशी जोडी. पाय उचलला की पंप सुटे. त्यांच्या पुढच्या एका गाडीचे नावच २७/१७०/२२५ असे होते. पहिला आकडा करआकारणीचा, दुसरा पंपाविना मिळणाऱ्या अश्वशक्तीचा, तिसरा पंपासह. हा तिसरा आकडा थोडा वेळच वापरायचा असे.

१९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबील कंपनीने 'जेटफायर' आणली. हिचा पंप धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर फिरे, म्हणजे टर्बोचार्जर. ठोके टाळण्यासाठी पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून हवेत फवारले जाई. द्रवाचे बाष्प होताना ते उष्णता शोषून घेते. मडक्यातले पाणी गार राहते ते याच तत्त्वाने! रसायनशास्त्र म्हणून हा उपाय आम्हाला फार आवडतो. पण पेट्रोलबरोबर आणखी एक टाकी भरत राहायची, हे बऱ्याच मालकांच्या अंगवळणी पडले नाही. टाकी रिकामी झाली की एक झडप जादा दाब रोखून धरी. इंजिन वाचे, पण ज्यासाठी पैसे मोजले ती ताकद जाई. १९६३ नंतर ही गाडी बंद झाली.

स्वीडनच्या साब कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंजिनालाच कान दिला. पेर गिलब्रांड यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी ठोक्यांची कंपने टिपणारा संवेदक इंजिनावर बसवला. ठोका जाणवताच इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एका झडपेला हुकूम देई, काही वायू टर्बोला वळसा घालून निघून जात आणि दाब उतरे. ठोके थांबले की दाब हळूहळू पुन्हा चढे. कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरले तरी गाडीला इजा होत नसे. ती फक्त थोडी मंदावे.